मधल्या गल्लीची मुनासिब उंची

आखाडा बाळापूरच्या मधल्या गल्लीत सगळी घरं एका उंचीची होती, हे तातेरावांनी माडी चढवायला घेईपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीचा तो काळ. मुलूख निजामाचा, भिंती मातीच्या, वर सपाट धाबं. तातेरावांची कापसाची अडत चालली आणि त्यांनी गवंडी बोलावले. भिंत जसजशी वर गेली, तसतसं समोरच्या रुख्मिणीबाईंना कळत गेलं की आपल्या गल्लीला एक फार जुनी, पवित्र रीत आहे. कुणी कुणाहून उंच राहायचं नाही.

माडीमुळे त्यांच्या कुरडयांवरचं ऊन जाणार होतं, वारा अडणार होता, आणि वरून थेट न्हाणी दिसणार होती. तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. चौथी त्यांनी कुणाला सांगितली नाही: लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याकडे, दगडोबांकडे, माडीच मागत होत्या.

"त्याची जागा, त्याचा पैसा," दगडोबा बाजेवरून म्हणाले. "तुला काहून तकलीफ?"

"मला कशाची आलीय? मी गल्लीसाठी करून राहिले."

"गल्लीनं सांगितलं का तुला?"

"गल्लीला तोंड असतं तर सांगितलं असतं."

दगडोबांनी कूस बदलली. रुख्मिणीबाईंनी बाजारातल्या अर्जनवीसाकडून तालुक्याच्या कचेरीला अर्ज लिहून घेतला आणि घरोघर फिरून खाली अंगठे घेतले. अंगठे भराभर मिळाले. माडी बांधायची ऐपत नसलेल्या माणसांना माडीबंदीचं महत्त्व चटकन पटतं.

कचेरीनं अर्जावर गंभीर विचार केला. तो विचार एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा चालला. तोवर तातेरावांची माडी पुरी झाली, वर पत्रे पडले, वास्तुशांत झाली, आणि जेवणाच्या पंगतीत रुख्मिणीबाईंनी दुसऱ्यांदा बुंदी मागून घेतली.

मग हुकूम आला. मोहल्ल्याची शान राखण्यासाठी, गल्लीच्या जमिनीपासून माथ्यापर्यंत प्रत्येक घराची आजची जी उंची, तीच त्या घराची मुनासिब, म्हणजे योग्य, उंची समजावी. तिच्यावर कुणी एक बोटही जाऊ नये. कचेरीचे गिरदावर मोहनसिंग स्वतः बांबू घेऊन मोजायला आले. घरोघरच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढली गेली. तातेरावांच्या घराला बांबू पुरेना, म्हणून शिडी आणली.

"ह्यांची बी कायम?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"जो जितका उंच, तो तितका कायम."

"मंग पाडायची न्हाई का माडी?"

"बाई, हुकूम आजपासूनचा आहे. माडी कालची आहे."

तरीही रुख्मिणीबाईंनी समाधान मानलं. निदान यापुढं तरी कुणी वर जाणार नव्हतं. बायकांनी त्यांचं कौतुक केलं, आणि त्यांनीही मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकलं.

चैत्र सरला आणि लेक निर्मला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्यासाठी कोपऱ्यातली खोली सारवली, बाज टाकली. खोलीच्या वरच्या धाब्याला भेगा पडल्या होत्या. त्यात नवल काही नव्हतं. धाब्यावर दरसाल मिरगाच्या पावसाआधी पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. नाही दिला तर ते गळतं. आणि थर दिला की घर दोन बोटं वाढतं. हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अर्जावर अंगठा उठवताना मात्र ते एकालाही आठवलं नाही.

दगडोबा पहिली टोपली डोक्यावर घेऊन शिडीला लागले, तोच गल्लीतच राहणारा कचेरीचा चपराशी दस्तगीर सायकलवरून उतरला.

"मामू, टोपली खाली ठिवा. घर वाढून राहिलं तुमचं."

"अरे बापू, माती हाय ती," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"मौशी, माडी बी मातीचीच असते." दस्तगीरनं रेघेकडे बोट केलं. "माझ्या घराचं बी हेच हाय. माझी बायको मला घरात घेऊन न्हाई राहिली. म्हणते, तुझ्याच कचेरीचा हुकूम, तूच आता अंगणात निज."

रुख्मिणीबाई कचेरीत गेल्या. मोहनसिंगांनी पाणी विचारलं, बसायला सांगितलं, आणि नियम समजावून दिला.

"जुनी माती खरडून काढते आन् तेवढीच नवी घालते," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"खरडली की घराची उंची कमी झाली. कमी झालेली उंची तीच मग मुनासिब. तिच्यावर नवी माती कशी घालणार?"

"साहेब, लेक बाळंतपणाला आलीय. लेकरू काय गळक्यात जन्माला घालू?"

मोहनसिंगांना मुली होत्या. त्यांनी खरोखर डोकं खाजवलं. "एक सोपी तोड आहे. हुकूम तुमच्याच अर्जावर निघाला. 'माझी तक्रार चुकीची होती' एवढं लिहून द्या, हुकूम रद्द."

रुख्मिणीबाईंनी पदर सारखा केला. "दुसरी अवघड असली तरी चालंल."

"दुसरी म्हणजे, उंची गल्लीच्या जमिनीपासून मोजायची आहे. जमीन दोन बोटं वर आली, तर घर आपोआप दोन बोटं खाली जातं. घराला कुणी हात लावला नाही, म्हणून मुनासिब उंची मात्र जुनीच राहते."

त्या परतल्या आणि गल्लीला ही दुसरी तोड सांगितली. पहिली सांगायची राहून गेली. मग मधल्या गल्लीनं इतिहासात कुणी केलं नसेल ते केलं. नदीकाठून बैलगाड्यांनी माती आणली, गल्लीभर पसरली, पाणी मारून धोपटली. बायका, म्हातारे, दस्तगीर, सगळे राबले. एका बाईला एक ओळ लिहायची नव्हती, म्हणून अख्खी गल्ली वर उचलली गेली. मोहनसिंगांनी पुन्हा बांबू लावला, सगळी घरं ठेंगणी भरली, आणि धाब्यांवर कायदेशीर माती चढली. तातेरावांचं घरही कायद्यानं ठेंगणं झालं. तेवढ्या मोकळ्या उंचीत त्यांनी माडीवर पितळी कळस बसवला.

मिरग बरसला. धाबं टिपूसभर गळलं नाही. रुख्मिणीबाई वर बघत हात जोडणार, तेवढ्यात त्यांची पावलं गार पडली. उंच झालेल्या गल्लीतलं पाणी उंबरठे ओलांडून घराघरात शिरत होतं. कोपऱ्यातल्या खोलीत बाजेखालून तांब्या तरंगत बाहेर आला, आणि बाजेवर निर्मलानं कळ दाबून हाक मारली, "माय, दुखाया लागलं वं!"

समोरच्या माडीच्या खिडकीतून तातेरावांची बायको सुमनबाई ओरडली, "रुख्मिणबाई, पोरीला वर आणा की! तिथं काय होडीत बाळंत करता?"

दगडोबांनी लेकीला पाण्यातून उचलून पलीकडं नेलं. माडीचा जिना मात्र चुलीच्या धुराड्यासारखा, उभाच्या उभा. धरायला काही नाही, एकेक पायरी गुडघ्याएवढी. शकुबाई सुईण खालून रेटत होती, रुख्मिणीबाई वरून ओढत होत्या. मध्यावर निर्मला मटकन बसली. "माय, आता न्हाई व्हत." त्या क्षणी कुणी मागितलं असतं, तर रुख्मिणीबाईंनी काहीही लिहून दिलं असतं. कागद कुणाजवळच नव्हता. शेवटी सुमनबाई खाली उतरली, निर्मलाला पाठीशी धरून पायरी-पायरीनं वर घेऊन गेली.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. गोरी, रागीट, मुठी वळलेली. सुमनबाईनं आपली नवी गोधडी अंथरली, शेगडी पेटवली, ओव्याची धुरी दिली, आणि अर्जाचा शब्दही काढला नाही.

माडीवरच ठेवलेल्या बारशाला गल्लीतल्या सगळ्या बायका धापा टाकत वर आल्या, गुडघे चोळत बसल्या. रुख्मिणीबाईंनी सुमनबाईकडे पाहिलं. 'बाई, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"सुमनबाई," त्या म्हणाल्या, "वारा झकास हाय. पण जिना लई उभा. पोरगी जिवानिशी जात व्हती. मी म्हणते, गावातल्या समद्या जिन्यांना काही कायदा पाहिजे का न्हाई?"

पाळण्याची दोरी थांबली. सुमनबाईनं डोक्याला हात लावला. बाकी सगळ्याजणींना दुखऱ्या गुडघ्यांसकट ते एकदम पटलं.

तुम्हालाही पटलंच असेल. अर्ज लिहून तयार आहे. खाली अंगठ्यापुरती जागा आहे अजून.