७२१४ नंबरची साडी

सात रस्त्याजवळच्या माजिदाआपांच्या फॉल-पिको आणि शिवणकामाच्या दुकानातून बावीस वर्षांत एकही साडी चुकीच्या हातात गेली नव्हती. आपांना साडी बघितली की बाई आठवायची. ही पद्धत अशास्त्रीय आहे, असं मानसिंगरावांचं मत पडलं. मानसिंगराव दुकानाच्या जागेचे मालक, वरच्याच मजल्यावर राहणारे, पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले आणि व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकलेले. अशा माणसाला आवरणं कठीण असतं.

त्यांनी दुकानात एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. तो रात्रीही बंद करायचा नाही. साडी आली की बटण दाबायचं. मशीन मनाला येईल तो चार आकडी नंबर देणार. तो चिठ्ठीवर लिहून साडीला टाचायचा आणि स्क्रीनवर नंबरापुढं काम लिहायचं.

"एक, दोन, तीन असे ओळीनं का नको?" आपांनी विचारलं.

"ओळीनं दिले की समोरचा दुकानदार चिठ्ठी बघून तुमची गिऱ्हाइकं मोजतो. हा नंबर कुणाच्या बापाला कळायचा नाही."

"आणि दोघींना एकच आला तर?"

"आपा, नऊ हजार नंबर आहेत." मानसिंगराव मायेनं हसले. "आणि हो, आता साड्या ओळखत बसायचं नाही. डोकं वापरलं की सिस्टीम बिघडते. फक्त नंबर बघायचा."

मंगळवारी दुकान उघडताच वळसंगची मथुराबाई आली. वय अठ्ठावन्न, यंदा दहावी पास. शनिवारी अकराला गावच्या शाळेत तिचा सत्कार होता. त्यासाठी तिनं मोरपंखी साडी घेतली होती. सासूनं, नवऱ्यानं किंवा सुनेनं न निवडलेली ही तिची आयुष्यातली पहिली साडी. आपांनी बटण दाबलं. ७२१४. पुढं लिहिलं, 'फॉल, पिको.'

मग लाइट गेली. तासाभरानं आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि अक्कलकोटची नागव्वा आली. तिला आईच्या वेळची इरकल साडी कापून दोन नातींना फ्रॉक शिवून हवे होते. आपांनी बटण दाबलं. ७२१४. नंबर ओळखीचा वाटला, पण ओळखायला बंदी होती. त्यांनी लिहिलं, 'कापून दोन फ्रॉक, वय चार आणि सहा.' त्या जागी आधी जे लिहिलेलं होतं ते मशीननं न कुरकुरता पुसून टाकलं.

गुरुवारी ७२१४ची चिठ्ठी लावलेली मोरपंखी साडी आपांच्या हाताला लागली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नवी कोरी साडी कुणी कापतं का? पण स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं. आपांनी बिस्मिल्ला म्हणून कात्री चालवली.

शुक्रवारी मथुराबाईचा फोन आला. "आपा, सात हजार दोनशे चौदा. फॉल लागला का?"

आपांनी कपाट धुंडाळलं. ७२१४ची आणखी एक चिठ्ठी एका जुनाट इरकलीला होती. आपांनी तिला फॉल लावला, पिको केलं, कडक इस्त्रीही केली.

शनिवारी नऊला दोघी एकदमच दुकानात आल्या. मथुराबाईनं एकेका हातात एकेक फ्रॉक धरून पाहिला.

"आपा, ही माझी साडी हाय."

"होती," आपा हळूच म्हणाल्या.

मानसिंगरावांना खाली बोलावण्यात आलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, बटण दाबलं. ७२१४. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ७२१४.

"त्याचं काय होतंय," ते चष्मा पुसत म्हणाले, "लाइट जाऊन आली की हे पहिल्यापासनं सुरू होतंय. मनाला येईल तोच नंबर देतंय, त्यात चूक नाही. पण दर वेळी मनात तेच येतंय."

"आमचे मालक असेच हायत," नागव्वा म्हणाली. "झोपून उटले की तीच गोष्ट, पहिल्यापासनं."

"मशीनचं ऱ्हाऊ द्या, भाऊ," मथुराबाई म्हणाली. "दहाची एसटी हाय. आता मी नेसू काय? इंग्रजीत पस्तीस पडले तवा रडले न्हाय मी. आता रडवू नका की."

यावर मानसिंगरावांच्या प्रोग्रॅममध्ये काही सोय नव्हती.

नागव्वा मघापासून आपली इरकल उलटसुलट करून बघत होती. "अय्यो, फॉल लावला की इतकी देखणी दिसती व्हय ही? आन् मी कापायला दिलती." तिनं पदर मथुराबाईच्या खांद्यावर टाकून पाहिला. "नेसा की ही, अक्का."

"लोकाची साडी?"

"माझ्या नाती तुमची साडी घालून गावभर हिंडणार. मग लोकाचं काय ऱ्हायलं त्यात?"

आपांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मानसिंगरावांना बाहेर काढलं. दहाच्या एसटीत मथुराबाई इरकल नेसून बसली होती. शेजारी नागव्वा होती. तिची वाट वळसंगवरूनच जात होती, आणि साडीवर नजर ठेवायला म्हणून ती तिथंच उतरली. सत्काराला ती पहिल्या रांगेत बसली. मथुराबाई माइकसमोर चारच वाक्यं बोलली. त्यातलं एक इंग्रजीत होतं. बायकांनी टाळ्या थांबवायला फार वेळ घेतला.

महिन्याभरानं मथुराबाई इरकल परत द्यायला दुकानात आली. नागव्वाला तिनं तिथंच बोलावलं होतं. मानसिंगरावांनी एव्हाना मशीन दुरुस्त केलं होतं. ते आता दर वेळी वेगळा नंबर देत होतं आणि आपा त्याखाली बाईचं नाव लिहीत होत्या.

नागव्वानं इरकलीची पिशवी तिच्याकडं परत सरकवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. फकस्त डांबरगोळ्या घालून ठेव. पुढच्या वर्षी सत्काराला लागंल."

"कुणाच्या?"

"माझ्या," नागव्वा म्हणाली. "भायेरून दहावीला बसायचा फॉर्म भरलाय काल."