अर्ध्या तासाचा उपास

"अर्धा तास कोणी काही खायचं नाही, प्यायचं नाही, चघळायचंही नाही. मग या नळीत लाळ द्यायची," विद्यापीठातून आलेल्या हिमानीने बजावलं.

नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरात अश्लेषा ही एकुलती एक पोर. मध्यंतरी तिचं अन्नच तुटलं होतं. वाळून पार काडी झाली होती. मानसोपचारांनी ती सावरली, पण अजूनही दोन घास खाऊन ताट सरकवायची. अशा आजारांमागची आनुवंशिक कारणं शोधणाऱ्या संशोधनासाठी हिमानीला तिची आणि आईवडिलांची लाळ हवी होती.

"आमचीच काहून?" अश्लेषाच्या वडिलांनी, मधुकररावांनी विचारलं.

"काका, आजवरचे नमुने बहुतेक युरोपातल्या गोऱ्या लोकांचे. आपली माणसं त्यात जवळजवळ नाहीतच."

"म्हंजे आमच्या थुंकीले काही किंमतच नाही?" मधुकररावांचा स्वाभिमान खवळला. त्या भरात त्यांनी खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून चिमूटभर तोंडात टाकलीसुद्धा.

"काका!"

चूळ भरून झाली. अर्धा तास पुन्हा सुरू.

"आम्ही उपाशी राहू, पण तू काहून उपाशी बसून राहिली वं?" म्हणत अश्लेषाच्या आईने, प्रयागबाईंनी हिमानीपुढे झणझणीत रस्सा ओतलेल्या तर्री-पोह्यांची बशी ठेवली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"कसे झाले?"

"मस्त! मीठ किंचित कमी..." हिमानीची जीभ घसरली.

"माह्या हातचं मीठ कमी?" प्रयागबाईंनी तिथल्या तिथे घास घेतला. "बराबर तर हाय!"

"पाहू दे," म्हणत मधुकररावांनीही चमचा उचलला. "कमीच हाय."

"तुमची जीभ खर्र्यानं मेली हाय!"

हिमानीने कपाळाला हात लावला. दारात उभी अश्लेषा खळखळून हसत होती. "थांबा, मी सांगते," म्हणत तिने आपली बशी भरून घेतली. एक घास, दुसरा, तिसरा. चौथ्याला तिने वरून तर्री ओतून घेतली. मधुकरराव उगाच खिडकीबाहेर बघत राहिले. बशी रिकामी झाली.

"आई, मीठ कमीच आहे."

"असंल वं माय, माहंच चुकलं," प्रयागबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "अजून देऊ?"

"दे."

तेवढ्यात विभागातून सरांचा फोन आला. "हिमानी, नमुने अजून काहून नाही आले? लोक सहकार्य नाही करून राहिले काय?"

हिमानीने रिकाम्या नळ्या बॅगेत भरल्या.

"सर, उद्या आणते. आज लोक जेवून राहिले."