बोटंवाल्या बुटांचा पाठलाग

"एखादं रहस्य माझ्यापर्यंत पोचलं की तेच घाबरतं," दादा म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं विजेचे मीटर वाचलेत मी. जिन्याखालचा काळोख, पायाशी गुरगुरणारं कुत्रं, तरी एक आकडा चुकला नाही. ज्याला मीटर वाचता येतो त्याला माणूस काय अवघड?"

निवृत्तीनंतर दादाने स्वतःला गुप्तहेर नेमलं होतं. धाकटी बहीण त्याचं बोलणं ऐकत एका हाताने बाळाला बाटली पाजत होती, दुसऱ्याने गणवेशाची बटणं लावत होती. ती नर्स. या महिन्यापुरत्या वॉर्डाच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या होत्या. नीट निभावलं तर कायमच्या. पण नवरा पावणेसहाला धावायला जायचा तो साडेसहाऐवजी सात वाजून गेल्यावर उगवायचा. बाळ त्याच्याकडे दिल्याशिवाय तिला निघता येईना, आणि सहा पन्नासची बस कुणाच्या नवऱ्यासाठी थांबत नाही. दोनदा उशीर झाला होता. मेट्रननी बजावलं होतं, तीन माफ, चौथ्याला किल्ल्या परत.

"विचारलं की म्हणतात, वाटेत माणसं भेटतात."

"अनोळखी माणसं, रोज अर्धा तास? आता तू एक शब्द बोलू नकोस. संशयिताला सावध करायचं नसतं."

"त्यापेक्षा तू बाळाला धर ना. मी वेळेवर निघेन."

"मी गुप्तहेर आहे," दादा दुखावून म्हणाला. "पाळणाघर नाही."

दुसऱ्या दिवशी नवरा पुन्हा सात वाजून पाचला परतला. तिसरा उशीर. ती बसथांब्याकडे धावत सुटली आणि मागून जाड टाचांचे बूट आपटत, पहाटेपासून नवऱ्याच्या पाळतीवर असलेला दादा.

"हिरे!" तो धापा टाकत म्हणाला. "जावईबापूंनी एका बाईंना बूट काढून दिला. बाईंनी तो पिळला, गुंडाळला, नाकाशी नेला."

"त्याचा तळ पुठ्ठ्याएवढा पातळ आहे, दादा. हिरे मावतील कुठे?"

"मग पंथ! तीन धट्टेकट्टे पुरुष त्यांच्या पायाशी वाकले. महिन्याभरात आश्रम निघतो की नाही बघ."

"दादा..."

"नाहीतर सांकेतिक लिपी. ते एकेक बोट हलवून दाखवत होते. पाच बोटं, पाच अक्षरं."

"बोटं दहा असतात."

"दुसरा पाय पडताळणीसाठी."

थांब्यावरच्या पेपरवाल्याने गठ्ठ्यातून मान वर काढली. "ताई, हातमोज्यासारखं एकेक बोट वेगळं असलेले ते बोटंवाले बूट घालून पळतात ते तुमचेच का? परवा मी सहज विचारलं, हे काय घातलंय? झालं! टाच, पोटरी, माणूस आधी अनवाणी कसा पळायचा, सगळं सांगितलं. भला माणूस आहे, पण माझे पेपर वाटायचे राहिले. आता ते दिसले की मी आडोशाला लपतो."

दादाने हातातली तपासाची वही मिटली. "माझाही शेवटचा कयास हाच होता."

संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"कुणी आपुलकीने विचारलं तर तसंच पळून जायचं?" तो म्हणाला. "उद्धटपणा दिसतो तो."

"उद्या उशीर झाला तर वॉर्ड जाईल माझा."

त्याचा चेहरा उतरला. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने दादाकडे पाहिलं. दादा छतातल्या पंख्याचं निरीक्षण करू लागला.

मग तिने वॉर्डातल्या बाटल्यांवर नावं घालायचं जाड पेन घेतलं आणि नवऱ्याच्या टी-शर्टच्या पाठीवर लिहिलं: 'हो, हे बूटच आहेत. नाही, डॉक्टरांनी सांगितलेले नाहीत. काच दिसली की बाजूने जातो. पोटऱ्या पहिला महिनाभर दुखल्या. बाकी रविवारी.'

सकाळी सहा अठ्ठावीसला दार वाजलं. नवरा घामाघूम आणि खट्टू.

"एकानेही थांबवलं नाही," तो म्हणाला. "सगळे मागून वाचतात आणि 'अच्छा' म्हणून निघून जातात."

तिने बाळ त्याच्या कडेवर दिलं, त्याच्या घामट गालावर ओठ टेकले आणि पिशवी उचलली. उंबऱ्याशी दादा त्या बुटांकडे टक लावून वाकला होता.

"जावईबापू," तो घसा साफ करत म्हणाला, "खडे टोचत असतील ना हो?"

नवऱ्याचा चेहरा उजळला. "बसा, दादा."

तिने दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.