जमिनीवरील विमानास संपूर्ण संरक्षण

माणसाने आकाशात उडावं की नाही हा प्रश्न फार जुना आहे. धर्मवेत्ते, शास्त्रज्ञ आणि मुलांच्या आया यांनी त्यावर वेळोवेळी मतं दिली, पण त्याचा कायमचा निकाल अखेर विमा कंपन्यांनी लावला. त्यांचं म्हणणं असं, की माणसाने जरूर उडावं, फक्त त्याआधी फॉर्म भरावा. पूर्ण फॉर्म भरून झाल्यावरही उडावंसं वाटणाऱ्यांचं प्रमाण अत्यल्प आहे, असं आमच्या पाहणीत आढळलं. (पाहणी दोघांची केली. दोघेही आमचेच होते.)

त्यातला एक माझा दादा. तो दातांचा डॉक्टर आहे. तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर माणसाला कधीतरी मान वर करावीशी वाटते, तशी ती त्याला छप्पन्नाव्या वर्षी वाटली. त्याने विमान चालवण्याचं लायसन्स काढलं आणि भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीदारीत एक जुनं विमान घेतलं. दोन आसनांचं, एका पंख्याचं, आणि इतकं हलकं की दोन माणसं ते सहज ढकलत नेतात. मला विमा-सचिव नेमण्यात आलं. मी एकदा जळालेल्या वॉशिंग मशीनचा क्लेम पूर्ण वसूल केला होता, आणि घरात विम्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता.

विमानात पहिलं कोण बसणार हे आधीच ठरलं होतं. आमची आत्या. आईवडील गेल्यावर तिने शिवणयंत्र चालवून आम्हा दोघांना वाढवलं, आणि दादाच्या दवाखान्यातली पहिली खुर्चीसुद्धा त्या यंत्रातूनच निघाली. विमान आलं तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. तिला ढग, क्षितिज वगैरे गोष्टींत रस नव्हता. तिला तिच्या घराचं छप्पर वरून बघायचं होतं. ते पंचेचाळीस वर्षं गळत होतं. कौलं इतकी जुनी, की दुरुस्तीला चढलेला प्रत्येक कारागीर एक गळती शोधायचा आणि उतरताना पायाखाली दोन नव्या करून यायचा. जुनी गळती मात्र जागच्या जागी. पाऊस आला की आत्याच्या स्वयंपाकघरात पाच भांडी मांडली जातात, आणि त्यांच्या आवाजावरून ती पावसाचा जोर सांगते.

"खालून बघून उपयोग नाही," ती म्हणायची. "वरून बघितलं की एका मिनिटात कळेल. मला एकदाच ने रे."

दादाने शब्द दिला. आता फक्त परवडेल असा विमा निवडायचा होता.

एजंट आला. हसतमुख, अदबशीर, काखेत जाडजूड फाइल. याआधी त्याने शेतातल्या पंपांचे आणि लग्नाच्या कार्यालयांचे विमे उतरवले होते, त्यामुळे गडगडणाऱ्या वस्तूंची त्याला सवय होती. त्याने सर्वंकष पॉलिसीचा हप्ता सांगितला. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तो आकडा पुन्हा एकदा सांगायची विनंती केली. तो तेवढाच होता.

"घाबरू नका," एजंट म्हणाला. "यात बऱ्याच गोष्टी तुम्हाला नकोच असतील. त्या काढू. हप्ता आपोआप खाली येतो."

इथून पुढचे सात महिने आम्ही नको असलेल्या गोष्टी काढत होतो, आणि खरं सांगायचं तर इतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालेलं नाही. सूर्यास्तानंतरचं उड्डाण काढलं. पंचवीस किलोमीटरपलीकडचं आकाश काढलं. जोराचा वारा, मध्यम वारा आणि "अनपेक्षित झुळूक" काढली. पक्षी काढले. मग गवती धावपट्टीवर उतरणं काढलं. आमचं विमान ज्या मैदानावर उभं असतं तिथे गवताखेरीज दुसरी धावपट्टी नाही, त्यामुळे सदर विमानाला वर जाण्यास संरक्षण होतं आणि परत येण्यास नव्हतं. सरांनी यावर रात्रभर विचार करून एक सिद्धांत मांडला. बहुतेक अपघात वर जाताना किंवा खाली येताना होतात. तेव्हा आपण फक्त मधल्या भागाचा विमा उतरवावा. एजंटने मुख्य कार्यालयात विचारून सांगितलं, की मधला भाग खरोखरच सर्वांत स्वस्त आहे, मात्र विमान तिथे कसं पोचलं याचा खुलासा द्यावा लागेल.

लायसन्सचा मुद्दा वेगळाच होता. दादाचे उड्डाणाचे तास कमी, म्हणून हप्ता जास्त. तास वाढवायला उडावं लागतं, उडायला विमा लागतो, आणि विमा परवडायला तास लागतात. सरांनी हे वहीत काढून दाखवलं. ते अचूक वर्तुळ होतं, आणि कंपास न वापरता काढलेलं.

पण घोडं खरं अडलं ते आत्याच्या फॉर्मपाशी. पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशाला जादा हप्ता, ऐंशीनंतर संरक्षणच नाही, इथवर ठीक होतं. अकराव्या रकान्यात "उड्डाणाचा हेतू" असं विचारलं होतं. तिथे आत्याने, शिवणाची मापं लिहावीत तशा स्वच्छ अक्षरात, लिहिलं: "कौलं बघणे."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपले उड्डाण हवाई सर्वेक्षण या व्यावसायिक वर्गात मोडत असल्याने हप्ता तिप्पट आकारण्यात येईल, आणि सर्वेक्षकाच्या पात्रतेची प्रमाणपत्रं जोडावीत.

"आत्या, तिथे मनोरंजन असं लिही," दादा म्हणाला.

"मनोरंजनासाठी मी कशाला वर जाऊ? मला गळती बघायचीय."

"अगं, नुसतं लिहायचं. बघायचं ते बघ."

"मग तुझ्या दवाखान्यात मी दाढ दुखते म्हणून येते, तेव्हाही मनोरंजनच लिहितोस का?"

आत्याने फॉर्म बदलला नाही. ज्या बाईने आयुष्यात कोणाचं चार बोटंही कापड मारलं नाही, तिला सहीखाली खोटं लिहायला लावणं आमच्या कुवतीबाहेरचं होतं. दादाने ती फाइल "तूर्त" या खणात ठेवली.

अशा परिस्थितीत एजंटने आम्हाला ती पॉलिसी दाखवली जिच्याबद्दल मी आजही आदराने बोलतो. "साहेब," तो म्हणाला, "सगळी जोखीम हवेत असते. हवा काढा." तिचं नाव स्थिर भूस्थित संरक्षण. विमान हँगरमध्ये, चाकांना अडसर लावून, न हलता उभं असेल तोवर त्याला आग, चोरी, वादळ, भूकंप, दंगल, उंदीर आणि दुसऱ्या विमानाचं अंगावर पडणं या सर्वांपासून संपूर्ण संरक्षण. हप्ता सुरुवातीच्या आकड्याच्या अकरा टक्के. सरांनी लगेच सही केली. दादाने विचारलं, "आणि उडवायचं झालं तर?" एजंट म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." दादानेही सही केली.

तेव्हापासून सदर विमानाची जी काळजी घेतली गेली ती थोड्याच विमानांच्या नशिबी येत असेल. ते धुण्यासाठी बाहेर ढकलणं म्हणजे हालचाल, म्हणून आम्ही ते आतच ओल्या फडक्याने पुसायचो, आणि तेही एकाच दिशेने, बेताने. चाकांत हवा भरताना ते अर्धा इंच वर उचललं जातं हे सरांच्या लक्षात आल्यावर हवा भरणं थांबवलं. सव्वादोन वर्षांत शून्य उड्डाणं, शून्य अपघात, शून्य क्लेम. कंपनीकडून दोनदा सवलत आणि एकदा अभिनंदनाचं पत्र आलं. पत्र सरांनी फ्रेम करून हँगरमध्ये लावलं. (खिळा ठोकताना विमान हादरू नये म्हणून स्क्रू वापरला.)

दर रविवारी दादा त्यात जाऊन बसायचा. पट्टा बांधायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि समोरच्या बंद शटरकडे बघत अर्धा तास बसून राहायचा. मला त्याचं वाईट वाटायचं. मग मी सवलतीचा आकडा आठवायचो.

आत्या दर पावसानंतर फोन करायची. "काय रे, फॉर्मचं काय झालं?" मी सांगायचो, प्रक्रिया चालू आहे. ती म्हणायची, "इथे सहावं भांडं लागलंय."

आत्याची ऐंशी पूर्ण व्हायला एक आठवडा उरला तेव्हा दादाला एकदम जाग आली. काय वाटेल ते होवो, येत्या रविवारी आत्याला न्यायचंच. त्याने एजंटला गाठलं. एक दिवसाची पॉलिसी असते, ती घ्यायला दादा तयार होता, तिप्पट हप्त्यालाही तयार होता. अट एकच निघाली. दोन वर्षं उभं असलेलं विमान कंपनीच्या तपासनिसासमोर एकदा उडवून दाखवावं लागतं. त्या उड्डाणाला विमा लागतो. तो तपासणीनंतर मिळतो.

रविवारी सकाळी दादाने मला बोलावून सांगितलं, "तू जाऊन सांग तिला. मला नाही जमणार." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी स्कूटर काढली.

आत्या तयार होऊन फाटकाशी उभी होती. डोक्याला रुमाल, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वही आणि गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल. मी तिला सगळं सांगितलं. तपासनीस, उड्डाण, एक दिवसाची पॉलिसी, सगळं क्रमाने. तिने मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नाही." मी म्हटलं, "तूर्त नाही." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

समोरच रस्त्यावरच्या दिव्याची दुरुस्ती चालली होती. एक गाडी, तिच्यावर लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पाळणा, आणि पाळण्यात बल्ब बदलणारा वायरमन. तो खाली आला तशी आत्या रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली.

"किती वर जातं रे हे?"

"दिव्यापर्यंत, आजी."

"माझ्या कौलांपर्यंत जाईल?"

त्याने घराकडे बघितलं. "कौलं तर वाटेतच लागतात. या."

त्याने तिचं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, आणि हेतूसाठी त्याच्याकडे रकानाच नव्हता. त्याने पाळण्याचं दार उघडलं, तिला हात दिला, कळ दाबली आणि माझी आत्या वर गेली. ती छपरावर वाकली. वहीत काहीतरी लिहिलं. मग वायरमनला पाळणा जरा डावीकडे न्यायला सांगितला आणि दोन कौलांच्या मधल्या पन्हळीत हात घातला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मी खाली उभा राहून बघत होतो, आणि इतकी खूश झालेली आत्या मी आधी कधी बघितली नव्हती.

संध्याकाळी तिने दादाला घरी बोलावलं आणि टेबलावर एक काळा पडलेला, फाटका चेंडू ठेवला. इतकी सगळी वर्षं तो पन्हळीत अडकून पाणी अडवत होता. दादाने तो लगेच ओळखला. बारा वर्षांचा असताना त्याने हाणलेला तो फटका गल्लीतला आजवरचा सर्वांत उंच मानला जातो. चेंडू मी हरवला असं सांगून त्याने मला बोलणी खायला लावली होती.

"हा तुझा," आत्या म्हणाली. "तेव्हा बरा वर मारायचास."

दादा बराच वेळ चेंडू हातात फिरवत राहिला. मी वाट बघत होतो, की आता तो उठेल, मैदानावर जाईल, चाकांचे अडसर लाथेने उडवेल. त्याने घसा साफ केला. वर बघितलं.

"आत्या," तो म्हणाला, "पाळण्यात पट्टा तरी बांधला होतास ना?"

आत्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ती भांडी आवरायला आत गेली. सगळीच्या सगळी, सहाही.

तिने पट्टा बांधला होता की नाही, हे मी तिथेच होतो त्यामुळे मला माहीत आहे. ते मुद्दामच इथे लिहिलेलं नाही. आत्या वर गेली त्या ओळीपासून ज्यांच्या मनात दादाचाच प्रश्न घोळतो आहे, त्यांनी आपलं नाव आणि जन्मतारीख विमा-सचिवांकडे पाठवावी. आम्हाला तिसरा भागीदार हवा आहे. विमान उत्तम स्थितीत असून दोन्ही जागा रिकाम्या आहेत.