समोरच्याने काय करायचं?

बंद खोलीत अग्निगोल टाकल्यास टाकणाऱ्याच्याही भुवया जळतील आणि पुढचे तीन रविवार त्या उगवणार नाहीत, असा नियम नेनेकाकांनी केला तेव्हा आमच्या मांत्रिकाने, म्हणजे मृण्मयीने, पंधरा मिनिटं वाद घातला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत त्याच नियमाखाली आणखी एक ओळ लिहिली : 'मिशा असल्यास मिशाही.'

घाबरू नका, हे सगळं खेळातलं आहे. वारज्याच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही चौघं बसतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि मारलेली उडी खंदकापलीकडे गेली की खंदकात, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मृण्मयी एरवी आयटीत असते. दातांचे डॉक्टर देसाई योद्धे आहेत. राक्षस समोर आला की आधी त्याचे दात बघतात. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवते आणि रविवारी चोर असते. या बदलाने माझी तब्येत सुधारली आहे. गोष्ट सांगतात ते नेनेकाका, वय वर्षं एकाहत्तर.

या खेळाचं छापील पुस्तक मिळतं. कोणत्या मंत्राची ताकद किती, ते त्यात लिहिलेलं असतं. बाकीचं जग त्यावर भागवतं. पण काका खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. "मी पास केल्याशिवाय तिथे काही फुटलं नाही," असं ते छाती काढून सांगतात. अशा माणसाला छापील पुस्तकाचं काय कौतुक?

"छापलंय ते ठीक. चाचणी झाली आहे का?"

चाचणी काकांच्या डायनिंग टेबलावर होते. एका बाजूला मसूर, दुसऱ्या बाजूला चवळी, असं सैन्य मांडून ते प्रत्येक मंत्र शंभर वेळा टाकून बघतात. पडलेले सैनिक सोमवारच्या आमटीत जातात. एवढं झालं की मंत्राला शेवटचा प्रश्न : "आपण मंत्र टाकलात, उत्तम. आता समोरच्याने काय करायचं?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर मंत्र नापास. समोरच्याला एक तरी संधी हवीच. म्हणून आमच्याकडे झोपेचा मंत्र दुपारी झोप झालेल्या माणसावर चालत नाही. अदृश्य होता येतं, पण चपला दिसतात. माझा चोर तेव्हापासून अनवाणी हिंडतो.

आम्ही कुरकुर करतो, पण खरं सांगायचं तर अख्ख्या पुण्यात इतका चोख तोललेला खेळ दुसरा नसेल. इथे कोणी एका मंत्राने जिंकत नाही आणि कोणी उगाच मरत नाही.

अपवाद एकच. दूरनिरोप.

दूरनिरोप म्हणजे वीस शब्दांचा निरोप जगात कुणालाही पाठवण्याचा मंत्र. पुस्तकात तो साधाच आहे. काकांनी त्याला आपल्या हाताने जोड दिली होती : 'ज्याला निरोप पोचेल त्याने उत्तर दिलेच पाहिजे.' बाकी सगळ्या मंत्रांचे पंख छाटणाऱ्या काकांनी या एकाला पंख लावले होते. मृण्मयीच्या हे लक्षात आलं आणि गेल्या महिन्यात तिने तो मंत्र थेट काळ्या राजावर टाकला. गोष्टीतला हा राजा चार महिने आम्हाला रडवत होता, आणि त्याच्या वतीने बोलायचे ते काकाच.

"निरोप : तुझा जीव कशात आहे?"

 काकांनी वही उघडली, मिटली. नियम त्यांचाच होता.

"डाव्या बुटात," ते म्हणाले.

आम्ही बूट पळवला आणि चार महिन्यांची गोष्ट दोन मिनिटांत, चहा यायच्या आत संपली. गंमत म्हणजे मृण्मयीलाच आनंद झाला नाही. "काका, हा रूल टोटली गंडलाय. जरा कमी करा ना त्याची पॉवर. नाहीतर मजाच काय?"

"नाही," काका म्हणाले.

"अहो, तुमचाच प्रश्न आहे," मी म्हटलं. "समोरच्याने काय करायचं?"

"उत्तर द्यायचं!" काका एवढ्या जोरात बोलले की डॉक्टरांच्या हातातला फासा पडला. मग आवाज खाली आला. "समोरच्याने फक्त उत्तर द्यायचं. एवढंसुद्धा जमू नये माणसाला?"

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ वसंता मांजरीला राहतो. दोन वर्षांपूर्वी वसंताच्या मुलीचं लग्न झालं. त्या लग्नात काकांनी जेवणाच्या हॉलबाहेर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : 'वाढून घेतल्यावर रांगेत उभे राहून गप्पा मारू नयेत.' वराकडची मंडळी न जेवता निघाली. त्यांना परत आणता आणता वसंताची दमछाक झाली. "दादा, घर माझं, कार्य माझं. तुझे नियम तुझ्यापाशी ठेव," एवढं तो बोलला, तेव्हापासून अबोला.

"मी दर रविवारी मेसेज करतो. वाचतो तो. निळ्या खुणा येतात." काकांनी फोन टेबलावर ठेवला. "माझं चुकलं हो. पण उत्तर तर द्यावं ना."

 मृण्मयीने फोन उचलला. "बघू का?" काकांनी मान डोलावली आणि ती मोठ्याने वाचू लागली. 'टाकी धुऊन घे.' 'गुडघ्याला तेल लाव.' 'भुईमुगाच्या शेंगा खाऊ नकोस, पित्त होतं.' दोन वर्षांचे निरोप असेच, एकापेक्षा एक.

"काका, चाचणी घेऊ?" तिने विचारलं. "तुम्ही मेसेज टाकलात, उत्तम. आता समोरच्याने काय करायचं? टाकी धुवायची? यात तुम्ही विचारलंय काय त्यांना?"

काका फोनकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा माल नापास केला असावा. मग चष्मा पुसून, एका बोटाने, फार वेळ लावून त्यांनी एक ओळ लिहिली आणि आम्हाला दाखवून पाठवली : 'वसंता, आपल्या बटणांच्या लढाईत राजाला किती पावलं होती?'

लहानपणी खडकीच्या क्वार्टर्समध्ये दोघं भाऊ फरशीवर खडूने घरं आखून शर्टाच्या बटणांची लढाई खेळायचे, कोटाचं बटण राजा, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. तेव्हा सांगण्याच्या स्थितीत ते नव्हते. आम्ही चौघंही त्या फोनकडे बघत होतो. चहा आला, गार झाला.

फोन वाजला.

'तीन. तू नेहमी चार चालायचास.'

काका ताडकन उठले. "साफ खोटं! चारच होती. नियम मी केले होते, मला माहीत नाही?" ते तावातावाने टाईप करू लागले. एक परिच्छेद झाला, दुसरा सुरू झाला.  अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी एकेक अक्षर खोडत सगळा मजकूर पुसला आणि लिहिलं :

'बरोबर. तीनच होती. चुकलो.'

मग फोन उलटा ठेवला, वही ओढली आणि दूरनिरोपाच्या नियमावर पट्टी धरून आडवी रेघ मारली. डोळे त्यांनी उघड उघड पुसले.

"हं," ते म्हणाले, "काळ्या राजाला डावा बूट परत द्या. फासा कोणाकडे आहे?"