लटारीभाऊंचे दोन नग

चाळीस वर्षांपूर्वी मी एका मुंगसाला दीड दिवसात मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. विष घालून नव्हे, चांगलंचुंगलं खाऊ घालून. माझ्याकडे तेव्हा नर्सिंगचं कोरं करकरीत सर्टिफिकेट होतं, आणि त्याच्याइतकं जालीम औषध अजून बाजारात आलेलं नाही.

ते मुंगूस लटारीभाऊंचं होतं.

लटारीभाऊ आलापल्लीकडच्या एका लाकूड-डेपोत मापारी होते. जंगलातून ट्रक भरून साग यायचा, लाकडं ओळीनं मांडली जायची, आणि लटारीभाऊ टेप घेऊन एकेकाची लांबी आणि गोलाई घेत, बुडावर नंबर टाकत पुढे सरकायचे. वीस वर्षं हेच केल्यामुळे मोजता येत नाही अशी काही चीज जगात असते, हे त्यांना मान्यच नव्हतं. बाजारात दुधी भोपळा घेताना ते त्याला टेप लावत. कोणी म्हणालं, आज थंडी फार आहे, की यांचा प्रश्न तयार, "किती?" मी त्या गावच्या दवाखान्यात रुजू झाले त्या दिवशी हा खाकी टोपीतला, काटकुळा, पन्नाशीचा माणूस दारात उभा राहून मला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिला. मी भडकणार, तेवढ्यात म्हणाला, "पाच फूट एक इंच. चौकट नीची हाय जी, पन तुमाले लागनार नाई." आणि निघून गेला.

मी लगेच मोजून पाहिलं. पाच फूट एक इंच.

"मापाबिगर बात नाई" हे त्यांचं ब्रीद. गावातली पोरं त्यांना पाहिलं की लांबूनच हे ओरडायची. लटारीभाऊ रागवायचे नाहीत. पोराला थांबवून त्याची उंची मात्र घेऊन ठेवायचे.

एका उन्हाळ्यात ट्रकमधून एक पोकळ लाकूड आलं. पोकळ लाकडाची पोकळी मोजून मापातून वजा करतात. लटारीभाऊंनी आत काडी घातली, तर कोणीतरी आतून ती ओढली. त्यांनी पुन्हा घातली, तर कुरतडलेली बाहेर आली. आत मुंगसाची दोन पिल्लं होती, मूठभर, केसाळ आणि भयंकर चिडलेली. आई राहिली असणार कुठेतरी वीस-पंचवीस कोसांवर, जिथे ते झाड पडलं तिथे. त्यांनी दोघांना टोपीत घातलं आणि सवयीप्रमाणे नंबर टाकले. थोरला नग एक, धाकटा नग दोन. नाव काय ठेवलं असं विचारलं तर म्हणायचे, "ठेवलं ना जी. नग."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी माझ्या टेबलावर. लटारीभाऊंना माझा काटा हवा होता. तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा, वर पत्र्याची डोण असलेला. डेपोतला काटा टनाचा, त्यावर मुंगूस म्हणजे माशी.

एरवी मी नाही म्हटलं असतं. पण खरं सांगायचं तर सहा महिने त्या डोणीत एकही मूल पडलं नव्हतं. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया औषधाला यायच्या, सुई टोचून घ्यायच्या, पण मी काट्याकडे वळले की लेकरू पदराखाली. "मोजलेलं लेकरू वाढत नाई," एवढंच म्हणायच्या. आमच्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एकच शिकवण होती: विचार, तपास, मग मान. मी त्या बायांना बुधवारच्या बुधवार भाषणं द्यायची. त्या माझं भाषण फार मन लावून ऐकायच्या आणि लेकरू न मोजता घरी न्यायच्या.

तर काटा धूळ खात होता. म्हटलं, मुंगूस तर मुंगूस.

मग रोजचा नेमच झाला. सकाळी डेपोचा भोंगा व्हायच्या आत लटारीभाऊ हजर. आधी नग एक डोणीत, मग नग दोन, मग दोघं मिळून, बेरीज जुळते का बघायला. शेळीचं दूध अर्धं पाणी घालून कापसाच्या वातीनं पाजायचे. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम: कागदात बांधून आणलेली रात्रीची विष्ठा. आगकाडीनं उलटीपालटी करून मला दाखवायचे. "पाहा बाई, आजचा माल कसा सुका हाय. काल वलसर होता." मी नाकाला पदर लावून 'छान, छान' म्हणायची. माझं लग्न ठरत नव्हतं आणि मी मुंगसाच्या शेणाची परीक्षा करत होते.

पिल्लांना दात आले तेव्हा दूध सोडवून अन्नावर आणायचं ठरलं. इथे लटारीभाऊंनी कमाल केली. पहिल्या दिवशी दुधात अंड्याचा बलक किती घालावा? आगकाडीच्या गुलाएवढा. मग तीन दिवस थांबायचं, माल बघायचा, वजन बघायचं, सुकं असेल तर दोन गुलं. असं करत महिनाभरानं पूर्ण अंडं, त्यानंतर नदीची बारकी मासळी, मग टोळ. मी पोट धरून हसले. ते गंभीर. "पोट नवं हाय जी. नव्या पोटाले सांगा लागते आधी, का बा हे येऊन राह्यलं."

इकडे वेगळंच घडत होतं. औषधाला आलेल्या बाया हा तमाशा बघायला थांबायला लागल्या. नग दोन डोणीत बसून मिशा साफ करायचा आणि लटारीभाऊ वजन जोरात पुकारायचे. बाया बोटांवर धरायच्या. मोजलेलं मुंगूस वाढत होतं. एका बुधवारी जुरी नावाची एक माडिया पोर, असेल एकोणीस-वीसची, पुढे आली. कोणाकडेच न बघता तिनं आपलं सात महिन्यांचं पोरगं डोणीत ठेवलं. पुढच्या बुधवारी चारजणी. माझ्या सहा महिन्यांच्या भाषणांनी जे झालं नाही ते एका मुंगसानं मिशा साफ करत केलं. अर्थात वरच्या रिपोर्टात मी 'जनजागृती' असं लिहिलं.

अशात लटारीभाऊंना लाकूडचोरीच्या एका खटल्यात साक्षीला चंद्रपूरला जावं लागलं. सोमवारी सकाळी गेले, बुधवारी येणार. जाताना दोन्ही नग माझ्याकडे दिले आणि एक चिठ्ठी: तीन भाग दूध, एक भाग बलक, दिवसातून चार वेळा, वरून काही नाही. 'काही नाही'खाली दोन रेघा.

माझ्यातली शहाणी जागी झाली. ट्रेनिंगमध्ये पोषणाच्या पेपरात मला पहिला नंबर होता. वाढत्या वयाला प्रथिनं हवीत, आणि हा माणूस आगकाडीनं मोजत बसलाय! मी दवाखान्याच्या डब्यातली दूधपावडर घट्ट कालवली, गूळ घातला, दोन उकडलेली अंडी कुस्करली, वर घरचे सुके झिंगे भाजून टाकले. वास असा सुटला की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पिल्लं तुटून पडली. पोटं तबल्यासारखी झाली. मंगळवारी सकाळी वजन केलं, तर एका दिवसात आठवड्याची वाढ! मी पुन्हा ताट वाढलं. भाऊ आल्यावर त्यांना काय काय ऐकवायचं, तेही मनात लिहून काढलं.

दुपारी नग दोनला हगवण लागली. संध्याकाळी नग एकलाही. एक सावरला, दोन सावरेना. मान टाकून पडला, डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. हे लक्षण मी पुस्तकात लेकरांच्या संदर्भात पाठ केलं होतं. मीठ-साखरेचं पाणी वातीनं पाजत बसले. तेही कोणाला दिसू नये म्हणून खोलीचं दार लावून.

बुधवारी बाया आल्या. नग दोन टोपलीत पडलेला त्यांनी पाहिला. एकमेकींत कुजबुजल्या, आणि मला समजेल एवढं मराठी त्यात होतं: मोजला ना रोज, म्हणून. लेकरं पदराखाली गेली. जुरीनं तर आपल्या पोराच्या कपाळावर थुंकी लावली आणि त्याला घट्ट धरून पार ओट्याच्या टोकाला जाऊन बसली.

आणि मी गप्प राहिले. लोकांच्या खुळचट समजुती मोडायला आलेली मी, त्याच समजुतीच्या आड लपले. फार सोयीची जागा होती हो ती. मोजण्याचा दोष, माझा नाही.

बाराच्या सुमाराला लटारीभाऊ आले. एसटीतून उतरून तसेच, टोपीवर धूळ. टोपलीजवळ उकिडवे बसले, नग दोनच्या पोटावर एक बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मग विचारलं, "काय खाल्लं यानं?"

मी म्हटलं, "तुम्ही लिहिलं तेवढंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विश्वासच ठेवला. उठले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि काट्यावर नीट पांघरला, चारी टोकं खाली खोचून. जसं आपण गेलेल्या माणसावर घालतो तसं. ओट्यावरच्या बाया बघत होत्या.

"तवाबी मी मोजलंच होतं, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, काट्याकडे बघत, लाकडांची यादी वाचावी तशा आवाजात. सोळा वर्षांपूर्वी त्यांना मुलगी होती. दहा महिन्यांची. चौकटीला धरून उभी राहायला लागली तेव्हापासून ते दर रविवारी तिची उंची घ्यायचे आणि डेपोच्या खडूनं चौकटीवर रेघ मारायचे. त्यांची आई ओरडायची, मोजू नको. हे ऐकायचे नाहीत. मग एक दिवस मुलीचं उष्टवण झालं. तोवर अंगावरच्या दुधाशिवाय तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. सगळे पाहुणे आले, ज्यानं त्यानं कौतुकानं घास भरवला. खीर, बुंदी, वडे. दुसऱ्या दिवशी हगवण लागली, तिसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली. सगळ्यांनी सांगितलं, बापानं मोजली म्हणून गेली. बायको नागभीडला माहेरी गेली ती परत आली नाही.

"मी म्हनलं, नाई, मापानं कोनी मरत नाई. सोळा वर्षं तेच म्हनत राह्यलो." दुपट्ट्याचं एक टोक निसटलं होतं, ते त्यांनी पुन्हा खोचलं. "पन आता तुमी बरोबर खाऊ घातलं, तरीबी हा असा झाला. मंग मापानंच गेली असंन जी."

खीर, बुंदी, वडे. अंडी, गूळ, झिंगे. माझ्या डोळ्यांपुढे एकच ताट होतं.

आगकाडीच्या गुलाचा अर्थ मला त्या क्षणी कळला. हा माणूस वेडा नव्हता. त्या तीन दिवसांतलं नक्की काय चुकलं, हे तो सोळा वर्षं थेंबाथेंबानं शोधत होता. जवळ येऊन पोचला होता, आणि मी त्याला एका वाक्यात मागे ढकललं होतं.

मी ओट्यावर गेले. सगळ्या बायांच्या पुढे, लटारीभाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चिठ्ठी मी पाळली नाही. काय काय घातलं, किती घातलं, सगळं सांगितलं. डोणीत बसल्यानं त्याला काही झालं नाही, माझ्या हातानं झालं, आणि आता मी खोटं बोलले तेही माझंच. सर्टिफिकेट भिंतीवरून बघत होतं.

जुरी आपल्या मोडक्या मराठीत शेजारणीला म्हणाली, "मंग हिच्या हातची गोळी खाऊन राह्यलो का आपन?" बाया फिसकन हसल्या. मी रडत होते, आणि मलाही हसू आलं.

नग दोन वाचला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी नातवंडं मला पुढचं लिहू देणार नाहीत. चार दिवस नुसतं मीठ-साखरेचं पाणी, मग पेज, मग पुन्हा आगकाडीच्या एका गुलापासून सुरुवात. या वेळी गूल मी मोजायची. आठव्या दिवशी माल सुका आला तेव्हा तो कागद मी स्वतः लटारीभाऊंच्या घरी नेऊन दाखवला, पेढे न्यावेत तसा. तिथे चौकटीवर, माझ्या मांडीच्या उंचीला, पुसट रेघा होत्या. त्यांच्याखाली, जमिनीपासून वीतभरावर, दोन ताज्या. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं, आणि आम्ही दोघंही पावसाळा कधी लागणार यावर बोललो. जुरीचं पोरगं पुढच्या बुधवारी डोणीत आलं, पण गोळी घेताना तिनं ती उलटीपालटी करून बघितली, आगकाडी असती तर आगकाडीनं. दिवाळीनंतर दोन्ही मुंगसं डेपोमागच्या रानात सोडली. नग एक मागे न बघता गेला. नग दोन वर्षभर सकाळी भोंग्याच्या वेळेला यायचा आणि डोणीत चढून बसायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नग दोन टोपलीत निपचित होता. बाया उठून गेल्या होत्या. लटारीभाऊंनी माझं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलतील, बोलावंच. त्यांनी काट्यावरचा दुपट्टा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. दारापर्यंत गेले आणि थांबले.

म्हणाले, "सोळा वर्षांत 'माझ्या हातानं चुकलं' असं कोनीच नाई म्हनलं जी. काटा पुसून ठेवा, बाई. उद्या नग दोन राह्यला तरी मोजू, नाई राह्यला तरी मोजू."