दहाव्या चुलीचं मत

व्यंकटरावांच्या घरात दोन चुली मांडल्या गेल्या, त्यात सुनेचा दोष नव्हता की भाऊबंदांचा. दोष होता राज्यशास्त्राचा.

कुरुंद्यात हळद शिजवायचे दिवस होते. निवडणुका सरल्या होत्या, आणि नांदेडहून साधना नावाची एक पोरगी पीएचडी करायला गावात उतरली होती. माणसं मत कशावर टाकतात, जातीवर, पक्षावर की नळाच्या पाण्यावर, हे तिला शोधायचं होतं. पारावर तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं, "मी सगळ्यांना विचारणार नाही. उद्या इथून चुली मोजत निघणार आणि दर दहाव्या चुलीला एकाच माणसाला विचारणार. त्याचं उत्तर दाही चुलींच्या वतीनं धरायचं."

"अन् येका घरात दोन चुली असल्या तर?" ग्यानोबा म्हाताऱ्यानं विचारलं.

"तर दोन मोजायच्या, आजोबा. माझ्या शास्त्रात घर म्हणजे भिंती नाहीत. घर म्हणजे चूल."

व्यंकटरावांना तर गावात पहिल्यांदा वीज आली तेव्हासारखं झालं. तीनदा सरपंच झालेला माणूस. कुणाचं मत कुठं पडतं हे कळावं म्हणून त्यांनी गावाला मटण घातलं होतं, भंडारा उचलायला लावून शपथा घेतल्या होत्या, तरी पत्ता लागला नव्हता. आणि ही एवढीशी पोरगी दहातल्या एकाला विचारून अख्खं गाव ओळखणार होती.

त्या नवलातच ते घरी निघाले, तर वाटेत शेजारचा संतराम शेरडं हाकत आडवा आला. याला दुसऱ्याच्या जिवाला घोर लावल्याशिवाय भाकर गोड लागायची नाही.

"मालक, म्या मोजून आलो," तो म्हणाला. "तुमची चूल नववी येऊन राहिली. दहावी माझी."

"मग?"

"मग काय. तुमचं मत बी आता मीच सांगणार. तुमी तकलीफ घिऊ नका. काय सांगू, तेवढं बोला."

व्यंकटरावांचा पाय तिथंच रुतला. सरपंचाचं मत काय, हे विद्यापीठाला शेरडं राखणारा संतराम सांगणार. त्यांनी साधनाला चहाला बोलावलं आणि मोजणी दुसऱ्या टोकाकडून करायची गळ घातली.

पोरगी चहा प्यायली, पण वळली नाही. "काका, तुम्ही म्हणाल तिथून मोजलं तर त्याला संशोधन म्हणत नाहीत. ते लग्नाचं आमंत्रण झालं."

मोठमोठे साहेब व्यंकटरावांनी अर्ध्या कपात गुंडाळले होते. जिथं आपला वशिला चालत नाही असं काही जगात आहे, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, आणि रागाऐवजी त्यांच्या अंगावर काटा आला. पण ती गेल्यावर डोकं चाललं. घर म्हणजे चूल. मग घरात दोन चुली केल्या, तर नववी बी आपली आणि दहावी बी आपली.

"उद्यापुरती तू ओसरीवर चूल मांड," त्यांनी बायकोला, आशाबाईंना सांगितलं.

"ओसरीवर धूर करत बसू? गाव म्हणंल नवऱ्यानं टाकली. तुमीच बसा ओसरीवर."

"कुठंबी बसू. घर तर माझंच हाय."

सकाळी व्यंकटरावांनी तीन दगड मांडले आणि जन्मात पहिल्यांदा चूल पेटवायला घेतली. चूल काही पेटली नाही, पण धूर पार वेशीपर्यंत गेला. धुरामागं ग्यानोबा आला.

"व्यंकट, नातवंडं खेळवायच्या वयात काहून फुटून राहिला रं?"

संतराम भिंतीला टेकून ऐकत होता, त्यामुळं खरं सांगायची सोय नव्हती. "पटत न्हाई आता," व्यंकटराव डोळे पुसत म्हणाले. डोळ्यात धूर होता. गावानं वेगळा अर्थ घेतला. कुणीतरी कळमनुरीला फोन केला आणि दुपारच्या एस.टी.नं मेव्हणा हरिचंद बहिणीला न्यायला हजर झाला.

त्याच्या मागोमाग, निम्मं गाव पाठीशी घेऊन, चुली मोजत साधना आली.

"ही नववी," ओसरीवरल्या दगडांकडं बघत ती म्हणाली. "आत दुसरी आहे?"

"हाय."

"दोघांचं जेवण वेगळं?"

"बराबर सांगा मालक," संतराम म्हणाला. "येकच असंल तर दहावी माझी."

व्यंकटरावांनी संतरामाकडं पाहिलं, मग मेव्हण्याकडं पाहिलं.

"येगळं," ते म्हणाले.

हरिचंदानं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. बायांनी पदर तोंडाला लावले.

"मग काका, नववी तुमची. दहावी मावशींची. मला मावशींशी बोलायचंय, एकट्यांशी."

"तिला काय इचारता? तिचं मीच सांगतो की."

"म्हणून तर एकट्यांशी, काका."

माजघराचं दार लागलं. आधी आतून काही ऐकू आलं नाही. मग आशाबाईंचं हसू आलं. मग त्या जे बोलू लागल्या ते थांबेचनात. व्यंकटराव न पेटलेल्या चुलीपाशी बसून राहिले. प्रत्येक निवडणुकीत चिन्ह कोणतं ते त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि ती दर वेळेला "बरं" म्हणाली होती. त्या "बरं"ची आज पहिल्यांदाच त्यांना धास्ती वाटली.

दार उघडलं. साधना हात जोडून म्हणाली, "मावशी, एवढं मोकळं मला कुणीच सांगितलं नव्हतं," आणि पुढच्या चुली मोजत निघून गेली.

गाव मात्र तिथंच थांबलं. आशाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या आणि दहा चुली त्यांच्याकडं देवळातल्यासारखं बघत होत्या. आधी ग्यानोबा पुढं झाला. मग संतराम आला, आणि त्यानं चक्क डोक्याचं पागोटं सारखं केलं.

"वैनी, माझी चूल आता अकरावी गेली. तरी बी, माझं मत काय सांगितलं?"

"ते गुपित असतंय, भाऊजी. लेकराला शबूद दिलाय."

संध्याकाळी घर फुटलेलं नाही अशी हरिचंदाची समजूत एकदाची पटली, तो शेवटच्या गाडीनं परत गेला, आणि व्यंकटराव माजघरात ताटावर बसले. बराच वेळ त्यांनी भाकर मोडली नाही. मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाले, "बाकीच्यांचं राहू दे. आमचं मत काय हाय, तेवढं तरी सांग."

आशाबाईंनी वरण वाढलं.

"लई चांगलं निघालं तुमचं मत," त्या म्हणाल्या. "मला बी वाटलं न्हवतं."